हाडांची विचारपूस : सिकलसेलवाल्यांची पत्रं

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की, सिकलसेलच्या माणसाचा खुबा दुखत असेल तर त्याला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये. तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. डहाणू-तलासरीकडून येणार हे धरूनच चालले होते; गुहागरहूनही येईल असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी टाचदुखी, मानदुखी सगळ्यांना रजा.

मी हाडांची डॉक्टर, रक्ताची नव्हे. पण या किनाऱ्यावर दवाखाना थाटला की वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी घरांतली माणसं येतातच आणि त्यांच्यातल्या काहींच्या हाडांचं दुखणं रक्तातून आलेलं असतं. थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनमधल्या एका कणाची अदलाबदल झाल्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडांच्या आतला मगज रक्तावर फार अवलंबून, म्हणून कळा हाडांतच जास्त. त्यातही खुब्याच्या उखळीत बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा सर्वांत दुर्दैवी. वाडीत पाटाच्या शेवटी लावलेल्या चिकूला जसं सगळ्यांचं उरलेलं पाणी मिळतं, तसं त्याला टोकाचं रक्त मिळतं. मधे कुठे अडलं की पहिला तो वाळतो.

आता पत्रं. नावं कुणाचीच छापत नाही.

“माझी मुलगी दहा महिन्यांची. चार दिवसांपासून दोन्ही हातांचे पंजे आणि एक पाऊल सुजलंय. हात लावला तरी किंचाळते. सासूबाई कोमट तेलाने चोळतात. शेजारच्या म्हणाल्या, बर्फ लावा. माझी आणि नवऱ्याची तपासणी लग्नाआधी झालेली नाही.” — तलासरीजवळून एक आई

आधी तेल आणि बर्फ दोन्ही थांबवा. चोळल्याने कळ वाढते आणि बर्फाने बारीक रक्तवाहिन्या आणखी आखडतात. सिकलसेलच्या कुठल्याही दुखण्यावर, कुठल्याही वयात, बर्फ नाही. ज्यांनी या पानावर मुरगळलेल्या घोट्याला बर्फ लावायचा माझा सल्ला वाचला असेल, त्यांनी तो सिकलसेलच्या माणसाला लागू करू नये.

सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे पंजे आणि पावलं अशी गच्च सुजली, वरची कातडी तुकतुकीत झाली, की आपल्या भागात पहिला संशय सिकलसेलचा. जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात पोटातलं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन असतं आणि ते बाळाला सांभाळून घेतं. ते ओसरायला लागलं की आजार डोकं वर काढतो, आणि बऱ्याच मुलांत तो सर्वांत आधी हातापायांच्या सुजेतूनच दिसतो. या वयात बोटांच्या छोट्या हाडांतही रक्त तयार करणारा लाल मगज असतो, म्हणून तिथे. चार-पाच वर्षांनंतर तो तिथून आटतो आणि ही सूज यायचीही थांबते.

सूज बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत उतरते आणि हाडं पुन्हा चांगली होतात. पण “आपोआप उतरते” हे वाचून घरी बसू नका. बाळाला आजच बालरोगतज्ज्ञाकडे न्या. ताप १०१ किंवा वर असेल, एकाच हातावर किंवा एकाच बोटावर लाली आणि गरमपणा असेल, तर हाडात पू झाला नाही ना हे बघावं लागतं. एकच बोट हळूहळू, फार न दुखता फुगत असेल तर क्षयाचाही विचार करतात. तोवर अंगावर पाजत राहा, वरचं पाणी-पेज सुरू असेल तर तेही वारंवार द्या, हातपाय कोरड्या कापडात उबदार ठेवा. पॅरासिटामॉलचं औषध बाळाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

रक्ताची तपासणी करताना सोल्युबिलिटीवर, म्हणजे रक्तात सिकल आहे की नाही एवढंच बघणाऱ्या झटपट चाचणीवर, थांबू नका. या वयात ती चाचणी फसवू शकते आणि मोठ्यांतही ती वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला) कोण, रुग्ण कोण हे सांगत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी मागा. तुमचं दोघांचंही करा. निदान पक्कं झालं तर बाळाला पाच वर्षांची होईपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलच्या लशी लागतील, कारण अशा मुलांची पाणथरी (प्लीहा) लवकर निकामी होते आणि साधा जंतूही जिवावर उठतो. डाव्या बरगडीखाली पाणथरी कशी चाचपायची हे नर्सताईंकडून शिकून घ्या. अचानक मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं, तर ती धावत जायची वेळ.

सासूबाईंना रागवू नका. तेल बंद, पण मांडीवर घेऊन बसायचं काम त्यांनाच द्या.

“वय २४. बोटीवर खलाशी. लहानपणापासून एसएस (म्हणजे वाहक नव्हे, सिकलसेलचा रुग्ण) आहे हे माहीत आहे, पण मला कधी रक्त चढवावं लागलं नाही, हिमोग्लोबिन १० च्या वर असतं. गेल्या दिवाळीपासून उजवी जांघ दुखते, कधी गुडघा. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले सिकलचंच दुखणं आहे, गोळ्या घे. आता मांडी घालून बसता येत नाही. बोटीच्या पोटात बर्फ भरताना पाय टाकवत नाही. माझं रक्त चांगलं असून हे कसं?” — डहाणूहून

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यात सगळं आहे.

पहिली गोष्ट. “सिकलचंच दुखणं” हे वाक्य खोटं नाही, पण ते बोलून कागद मिटतात, तिथे चूक होते. सिकलची कळ येते, चार-आठ दिवस राहते, जाते. आज मांडीत, पुढच्या वेळी दंडात किंवा पाठीत. जे दुखणं एकाच जागी ठाण मांडून महिनोन् महिने बसलंय, ज्याला चालताना वाढायची सवय आहे आणि आता रात्रीही जाग आणतंय, ते कळ नव्हे. ते हाड आहे. जांघेत दुखणं आणि मांडी घालता न येणं या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की मी आधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा गेला असं धरून चालते आणि मग तसं नाही हे सिद्ध करायला निघते. आम्ही याला एव्हीएन म्हणतो. गुडघ्याच्या दुखण्याने फसू नका. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं आणि मग लोक चांगल्या गुडघ्याचे एक्स-रे काढत बसतात.

एक्स-रे नॉर्मल आहे याला सध्या अर्थ नाही. गोळ्यातलं हाड मेलं तरी त्याचा आकार टिकून असेपर्यंत एक्स-रेत फारसं दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसतं. तो काढा, आणि दोन्ही खुब्यांचा काढा. डावा दुखत नसला तरी. हे पुष्कळदा दोन्हीकडे असतं. एमआरआय तालुक्याला मिळत नाही, मला ठाऊक आहे. पण लोकलने एक दिवस मोडला तर पुढची वर्षं वाचतील.

दुसरी गोष्ट, तुमचा खरा प्रश्न. रक्त चांगलं असून खुबा कसा गेला? आपल्या देशात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोठेपणीही बऱ्यापैकी राहतं, त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या मानाने पुष्कळांचा आजार सौम्य चालतो. शिवाय आपल्या आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष बऱ्याच जणांत सोबतीला असतो. त्याने पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन वर राहतं. ऐकायला चांगलं. पण तांबड्या पेशींची संख्या जास्त म्हणजे रक्त दाट, आणि दाट रक्त टोकाच्या वाहिन्यांतून नीट सरकत नाही. अमेरिकेत १९९१ साली अडीच हजारांवर सिकलसेल रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १० टक्के जणांचे खुबे सुरुवातीच्या तपासणीतच बिघडलेले निघाले, आणि अल्फा थॅलेसेमिया सोबत असलेल्यांना धोका जास्त होता. “मला कधी रक्त लागलं नाही” हे म्हणून खुब्याकडे दुर्लक्ष करणारी तरुण मुलं मी इथे बघते. रक्त लागलं नाही याचा आनंद माना, पण त्यावर खुब्याची हमी धरू नका.

आता काय करायचं. गोळा अजून गोल असेल, खचला नसेल, तर त्याच्यावरचं वजन कमी करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. काठी घ्या, आणि ती डाव्या हातात धरा. उजवा खुबा दुखतो तर काठी डावीकडे. निम्मे लोक उलटी धरतात आणि काठीचा उपयोग नाही म्हणतात. उकिडवं बसणं, मांडी घालणं, ओझं घेऊन बोटीवरून उडी टाकणं बंद. संडासात खुर्ची ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिका. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायची शस्त्रक्रिया असते, ती तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. सिकलसेलच्या रुग्णांवर तिचा नीट बेतलेला अभ्यास २००६ साली छापून आला. रुग्ण थोडे होते, पण तीनेक वर्षांनी बघता नुसता व्यायाम केलेले आणि शस्त्रक्रिया अधिक व्यायाम केलेले यांच्यात मोठा फरक दिसला नाही. म्हणून मी ती सरसकट सुचवत नाही. ज्याचं दुखणं व्यायामाने आणि काठीने हलतच नाही आणि गोळा अजून शाबूत आहे, अशासाठी बोलणी करते.

हायड्रॉक्सियुरिया तुम्ही घेता का हे लिहिलं नाहीत. कळा वरचेवर येत असतील तर रक्ताच्या डॉक्टरांशी तो विषय काढा. १९९५ सालच्या मोठ्या चाचणीत या औषधाने कळा जवळजवळ निम्म्यावर आणल्या होत्या. मेलेला गोळा ते परत आणत नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. ते घेताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं लागतं, पुरुषांनीसुद्धा.

राहिली बोट. “काम सोडा” असं लिहायला मला काय जातं! पण बर्फाचं काम तुमच्यासाठी खरंच नाही. गार, ओलं, वाकून, ओझं. त्यात दिवसभर पाणी पीत नाही कारण पुन्हा लघवीची पंचाईत. तांडेलांशी बोला. मासळी वेगळी करणं, जाळं दुरुस्त करणं, तेही जमिनीवर न बसता स्टुलावर बसून, असं काम मिळतंय का बघा. हवं तर हे पान दाखवा. आणि पावसाळी बंदीत घरच्या लावणीला चिखलात दिवसभर वाकणार असाल, तर तेही यंदा भावाला करू द्या. रेनकोट असो नसो, भिजल्यावर लगेच कोरडे कपडे, आणि दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तरच हा आकडा डॉक्टरांना विचारून बदलायचा.

दारूचं पत्रात काही नाही. घेत असाल तर तीही या गोळ्याची वैरीण आहे, ताडी धरून.

“सुनेचा डावा खुबा खचला आहे. वय २९, एक मुलगा. एका डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला, दुसऱ्यांनी सांगितलं सिकलमध्ये हात लावू नका, चाळिशीपर्यंत थांबा. ती भिंत धरून चालते.” — बोर्डीहून

भिंत धरून चालणाऱ्या बाईला अकरा वर्षं थांबायला सांगणारे डॉक्टर स्वतः अकरा दिवस तसे चाललेत का, असा प्रश्न मला पडतो. गोळा खचून उखळही झिजली असेल तर व्यायामाने तो परत गोल होणार नाही. दुखणं रोजचं जगणं अडवत असेल, तर वय कमी आहे हे एकटं कारण पुरत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या भीतीत तथ्य नाही असं मात्र नव्हे. सिकलसेलमध्ये हा सांधा इतरांपेक्षा अवघड जातो. मांडीच्या हाडाची पोकळी जागोजागी दगडासारखी भरलेली असते, सांधा घट्ट बसवताना हाड तडकू शकतं, जंतुसंसर्ग आणि पुढे सांधा सैल होणं जास्त. तरुण वयात बदललेला सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता धरावीच लागते. म्हणून कुठे करायचा हे महत्त्वाचं. सर्जनला सरळ विचारा: सिकलसेलचे खुबे तुम्ही बदललेत का? रक्ताचे डॉक्टर सोबत असतील का? शस्त्रक्रियेआधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात, फार वर नेत नाहीत; त्यासाठी नीट जुळवलेलं रक्त आधीपासून सांगून ठेवावं लागतं. भूल देताना अंग गार पडू द्यायचं नाही, आदल्या रात्री उपाशी ठेवलं तर सलाईन हवं, आणि नंतर छातीत कफ साचू नये म्हणून फुंकायच्या यंत्राचे व्यायाम करायचेच. छातीचा तो त्रास शस्त्रक्रियेनंतर सर्वांत धोक्याचा. ही उत्तरं समोरून पटापट आली तर ते ठिकाण बरं. “सगळं होईल, काळजी करू नका” एवढंच आलं तर पुढचं ठिकाण बघा.

दुसरं मूल हवं असेल तर ते आधी की सांधा आधी, हेही सुनेलाच विचारून ठरवा. पत्र तुम्ही लिहिलंत ते छानच, पण पुढचं तिने लिहावं.

“मी मूळची चंद्रपूरकडची. बदलीने गुहागर तालुक्यात शाळेवर आहे. एसएस आहे हे मी इथल्या डॉक्टरांना सांगितलं, तरी गुडघे सुजले तेव्हा त्यांनी आमवात ठरवला. गोळीने दोन दिवसांत उभी राहिले, थांबवली की पुन्हा आडवी. आता दोन महिने तीच गोळी चालू आहे. पाठही दुखते.” — एक शिक्षिका

बाई, त्या गोळीच्या पाकिटावर प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असं काही छापलंय का बघा. दोन दिवसांत उभं करणारी गोळी म्हटली की मला स्टिरॉइडचाच वास येतो. सिकलसेलच्या माणसाला स्टिरॉइडने आधी बरं वाटतं आणि थांबवलं की कळ दुप्पट होऊन परत येते. तुमचं तेच चाललंय. शिवाय खुब्याचा गोळा मारणाऱ्या औषधांत स्टिरॉइडचं नाव पहिलं. एक कारण रक्तात आधीच असताना दुसरं तोंडाने कशाला घ्या?

पण आजपासून बंद करू नका! दोन महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायचं. दमा किंवा अशाच कारणाने कधी ते खरंच लागलं, तर एसएस आहे हे सांगूनच घ्यायचं.

गुडघे सुजण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: सांध्याजवळच्या हाडात कळ आली की सांध्यात पाणी येतं आणि कळ ओसरली की तेही जातं. एकच गुडघा सुजून लाल, गरम झाला आणि ताप आला, तर मात्र सुई घालून पाणी तपासायलाच हवं. युरिक ॲसिडही बघा. सिकलसेलमध्ये पेशी भराभर तयार होतात आणि भराभर मरतात, त्यामुळे ते वाढतं आणि खरा गाऊटही होतो. आमवात सिकलसेलसोबत असूच शकत नाही असं नाही, पण तो रक्त तपासून, सांध्यांची सगळी मांडणी बघून ठरवायचा असतो. गोळीने बरं वाटलं म्हणून नव्हे.

पाठीचा एक्स-रे काढा. सिकलसेलमध्ये मणक्यांची वरची-खालची बाजू मधोमध दबते, कडा उभ्या राहतात. एकदा पाहिलेला डॉक्टर ते चित्र विसरत नाही. त्यात स्टिरॉइडने हाडं विरळ होतात. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. ऊन एवढं असूनही ते आपल्याकडे सर्रास कमी निघतं. आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, सिकलसेल मूत्रपिंडालाही धरतं.

तुमच्या गावाकडे सिकलसेल म्हटलं की शिपायालाही कळतं, इथे दक्षिण कोकणात डॉक्टरांनाही रुग्ण क्वचित दिसतो. हा त्यांचा दोष कमी, अनुभवाचा अभाव जास्त. जुने कागद, एचपीएलसीचा रिपोर्ट, नेहमीची औषधं, नेहमीचं हिमोग्लोबिन, एवढं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. तोंडी सांगितलेलं गर्दीत हरवतं.

“मुलगा ९ वर्षांचा. उजव्या नडगीत कळ आली, नेहमीसारखी. या वेळी दहा दिवस झाले, जात नाही. ताप रोज. नडगीवर एक जागा फुगलीय. आरोग्य केंद्रात सलाईन दिलं, अँटिबायोटिक तीन दिवस दिलं, ताप उतरून पुन्हा आला.” — पालघर जिल्ह्यातून एक वडील

हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी संपादकांना सांगून तुम्हाला फोन करवला, कारण याचं उत्तर अंकाची वाट बघत नाही. इथे छापते ते इतरांसाठी.

हाडातली कळ आणि हाडातला पू सुरुवातीला सारखेच दिसतात. दोन्हीत दुखतं, सूज येते, थोडा ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. कळ कितीतरी पटीने जास्त आढळते, म्हणून डॉक्टर कळ धरून चालतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. वडिलांनी लिहिलेले तपशील मात्र दुसरीकडे बोट दाखवतात: नेहमीपेक्षा लांबलेली कळ, एकाच ठिकाणी फुगवटा, उतरून परत चढणारा ताप. अशा मुलाची सोनोग्राफी करतात. हाडाच्या आवरणाखाली पाणी साचलेलं दिसलं तर सुईने काढून तपासतात. एमआरआयचाही उपयोग होतो, पण तोही कधी कधी दोघांतला फरक ठामपणे सांगत नाही. पू तपासायला पाठवणं हाच खरा निकाल.

आणि इथेच तीन दिवसांचं अँटिबायोटिक नडतं. जंतू मरत नाही, पण अर्धमेला होऊन तपासणीत उगवत नाही. म्हणून जमेल तिथे आधी रक्ताचं कल्चर, मग औषध. मूल फार आजारी असेल तर कल्चरसाठी रक्त घेऊन त्याच मिनिटाला औषध सुरू करतात, रिपोर्टसाठी खोळंबत नाहीत. इतर मुलांच्या हाडात पू करणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. सिकलसेलच्या मुलांत साल्मोनेलाही मोठ्या प्रमाणात सापडतो. टायफॉइड करतो त्याच घराण्यातला. आतड्याच्या आतल्या थराला रक्त कमी पडून तिथे बारीक जखमा होतात, जंतू रक्तात उतरतो, पाणथरी निकामी असल्याने त्याला कुणी अडवत नाही, आणि मेलेल्या हाडात तो घर करतो. औषध निवडताना दोन्ही जंतू धरावे लागतात, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. पू साचला असेल तर तो शस्त्रक्रियेने काढावाच लागतो.

म्हणून पावसात विहिरीचं पाणी उकळूनच प्यायचं, उघड्यावरचा बर्फाचा गोळा नाही, आणि टायफॉइडच्या लशीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारायचं.

(फोननंतर मुलाला जिल्ह्याबाहेर मोठ्या रुग्णालयात हलवलं, नडगीतून पू निघाला. औषध चालू आहे.)

“माझा एएस पॅटर्न आहे. वय ५२, गुडघे दुखतात. कॅम्पवाले म्हणाले सिकल आहे, म्हणून दुखतं.” — घोलवडहून एक बाई

एएस म्हणजे वाहक. वाहकाचे गुडघे या कारणाने दुखत नाहीत. तुमच्या वयाला, आणि वाडीत चिकू वेचताना दिवसभर वाकत-बसत असाल तर त्या कामाला धरून, ही गुडघ्याची झीज असण्याचीच शक्यता. वजन, मांडीचे व्यायाम, बसायला उंच पाट. आणि हो, तुम्ही बर्फ लावू शकता.

एकच शंका मिटवून घ्या. “एएस” हे एचपीएलसीवर ठरलंय की नुसत्या सोल्युबिलिटीवर? एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया घेऊन आलेली माणसंही सोल्युबिलिटीत पॉझिटिव्हच निघतात, आणि ती वाहक नव्हे, रुग्ण असतात. रिपोर्ट गोंधळाचा वाटला तर मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे असेच गुंते सोडवतात. जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी तीत होते; तुमच्या मुलांची लग्नं व्हायची असतील तर त्यांची आधी करून घ्या.

“खुबा गेल्यावर अपंगत्वाचा दाखला मिळतो का? की सिकलसेलचाच मिळतो?” — डहाणू तालुक्यातून, पोस्टकार्डावर

दोन्हीसाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे, तीत सिकलसेल स्वतंत्रपणे आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या बरोबरीने. खुब्यामुळे चालण्यात आलेली अडचण वेगळी मोजतात. अर्ज करताना एचपीएलसीचा रिपोर्ट, दाखल झालात तेव्हाचे सगळे डिस्चार्ज कागद, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय सोबत न्या. कळ आली तेव्हा आरोग्य केंद्रात गेलात आणि नुसती सुई घेऊन परत आलात, तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. केसपेपर मागून घ्या, आणि घरी पावसात भिजणार नाही अशा पिशवीत ठेवा.